पेट्रोलात काय घातले आहे ते पंपावर लिहा!

गाडीची चावी अर्धी फिरवली की इंजिन सुरू होण्याआधी मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते. पेट्रोलच्या टाकीत बुडवून बसवलेल्या विजेच्या पंपाचा तो आवाज. गाडी नवी असताना तो कोणाच्या लक्षातही येत नाही. गेली दोन-अडीच वर्षे मात्र पार्से, तुये, आगरवाडा, मांद्रे या भागातले जुन्या गाड्यांचे मालक गॅरेजमध्ये जाऊन तीच तीच तक्रार सांगू लागले आहेत. पंप कण्हतो, शिट्टी मारतो, चढावावर गाडी दम टाकते, सकाळी दोनदा चावी फिरवावी लागते. मेकॅनिक टाकी उघडतो, काळवंडलेली गाळणी काढून दाखवतो आणि म्हणतो, "पेट्रोल बदल्लां मरे."

बदलले आहे हे खरे. कोणाला विचारून बदलले, हा आमचा सवाल आहे.

हा बदल एका रात्रीत झालेला नाही. 2001 साली महाराष्ट्रात मिरज आणि मनमाड येथे पेट्रोलात इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रयोग झाले. जानेवारी 2003 पासून नऊ राज्यांत 5 टक्के मिश्रणाची योजना लागू झाली आणि त्या नऊ राज्यांत आपला गोवाही होता. पुढे कित्येक वर्षे पुरेसे इथेनॉलच मिळत नसल्यामुळे योजना बरीचशी कागदावर राहिली आणि कोणाला त्रास झाला नाही. 2018 च्या जैवइंधन धोरणाने 2030 पर्यंत 20 टक्क्यांचे लक्ष्य ठेवले. मग घाई सुरू झाली. 2030 चे 2025-26 झाले. जून 2022 मध्ये 10 टक्के, 6 फेब्रुवारी 2023 रोजी बंगळुरूत 20 टक्के मिश्रणाचा शुभारंभ आणि 2025 साली देशभर 20 टक्के. दहाचे वीस व्हायला तीन वर्षेही लागली नाहीत. हीच तडफ पत्रादेवीपासूनच्या राष्ट्रीय महामार्गाच्या रुंदीकरणाला दाखवली असती, तर पेडणेकरांनी सरकारची आरती ओवाळली असती.

आम्ही इथेनॉलचे शत्रू नाही, हे आधीच स्पष्ट करतो. देश खनिज तेलासाठी परकीय चलन मोजतो, ते वाचले पाहिजे. ऊस, मका पिकवणाऱ्या शेतकऱ्याला चार पैसे मिळाले पाहिजेत. इथेनॉलचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा जास्त असतो आणि त्यासाठीच घडवलेल्या इंजिनात ते उत्तम चालते, हेही खरे. व्हॉट्सअपवर "पेट्रोलात उसाचा रस घालतात" असे जे फिरते त्यावर आमचा विश्वास नाही. वाचकांनीही ठेवू नये. आमचे भांडण वेगळे आहे. एका मालाच्या नावाने दुसरा माल दिला जातो, त्याचे प्रमाण सांगितले जात नाही, भाव तोच घेतला जातो आणि नुकसान ग्राहकाच्या माथी मारले जाते, हे आमचे भांडण आहे.

पंप का कण्हतो ते आधी समजून घेऊ. या पंपाला वेगळे तेल-ग्रीस काही नसते. तो पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि त्याच्या पोटातून वाहणारे पेट्रोलच त्याचे वंगण असते, त्याचा थंडावाही तेच असते. मोटरीचे ब्रश, कम्युटेटर, बेअरिंग सगळे पेट्रोलात भिजलेले. म्हणून पेट्रोलची जात बदलली की पहिला परिणाम या पंपाने सोसायचा असतो. स्कूटरवाल्यांनी स्वतःला सुटलेले समजू नये. एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 आल्यापासून बहुतेक स्कूटर आणि मोटारसायकलींतही कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आले आणि टाकीत असाच पंप आला.

लोक म्हणतात, इथेनॉल पातळ असते म्हणून वंगण कमी पडते. हे तितकेसे बरोबर नाही. इथेनॉल पेट्रोलपेक्षा थोडे दाटच असते आणि कोरड्या, शुद्ध मिश्रणाने झीज वाढतेच असे प्रयोगशाळेतल्या चाचण्याही एकमुखाने सांगत नाहीत. खरा चोर आहे पाणी. इथेनॉल पाणी ओढून घेते, पेट्रोल घेत नाही. थोडे पाणी मिश्रण पोटात जिरवते. पण मर्यादा ओलांडली की इथेनॉल पाण्याचा हात धरून पेट्रोलपासून फारकत घेते आणि दोघेही टाकीच्या तळाशी जाऊन बसतात. पंपाचे तोंड असते तळाशीच. मग तो पेट्रोलऐवजी पाणी-इथेनॉलचे मिश्रण ओढू लागतो आणि त्या मिश्रणाला वंगणाचा गुण नाही. शिवाय पेट्रोलमधून वीज जवळजवळ वाहत नाही, इथेनॉल आणि पाण्यातून मात्र वाहते. त्यामुळे पंपाच्या पट्ट्या, तारांची टोके आणि कम्युटेटर खाल्ले जातात. त्यात भर म्हणजे इथेनॉल जुन्या टाकीतला वर्षानुवर्षांचा डिंकासारखा मळ आणि गंज सोडवते. तो मळ गाळणीवर जाऊन बसतो, पंपाला इंधन ओढायला जोर लागतो, आत वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि ते फुटताना जो आवाज होतो तीच ती शिट्टी. टाकी जवळजवळ रिकामी ठेवून उन्हात गाडी फिरवली की पंप तापतो आणि हे सगळे आणखी वाढते.

(थेट इंजेक्शनच्या नव्या गाड्यांत बॉनेटखाली दुसरा उच्चदाबाचा पंप असतो. त्याची टिकटिक मूळचीच. ती ऐकून उगाच घाबरू नये. प्रत्येक आवाजाचे खापर इथेनॉलवर फोडणेही आम्हाला मान्य नाही. पंप म्हातारा झाला तरी ओरडतो.)

आता हे पाणी म्हणजे काय, ते पेडणे महालाला दिल्लीहून कोणी शिकवायला नको. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा हा प्रदेश. जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतीला हात लावला तरी ओल लागते. मुलगा आखातात नोकरीला, गाडी अंगणात पत्र्याखाली चार चार महिने उभी, टाकी अर्धी. अशी घरे आपल्या प्रत्येक वाड्यावर आहेत. पेट्रोलपंपाच्या जमिनीखालच्या टाक्यांत झाकणावाटे पावसाचे पाणी शिरण्याचा धोका पूर्वीही होता. पण तेव्हा पाणी तळाशी वेगळे राही आणि पाणी ओळखणाऱ्या पेस्टने लगेच सापडे. इथेनॉलमध्ये ते आधी विरघळून लपते. कोरड्या राजस्थानसाठी आणि ओल्या पेडण्यासाठी एकच नियम करणाऱ्यांनी या चार महिन्यांचा विचार केला होता का?

आणि हे आमचेच म्हणणे नाही. सरकारच्याच नीती आयोगाने 2021 साली इथेनॉल मिश्रणाचा जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यात चाचण्यांचा निष्कर्ष दिला आहे. 20 टक्के मिश्रणाने धातूंना अडचण आली नाही, पण रबरी भागांची कामगिरी साध्या पेट्रोलच्या मानाने निकृष्ट ठरली आणि पीए-66 जातीच्या प्लास्टिकची ताकद कमी झाली. मायलेजबद्दल त्याच आराखड्यात म्हटले आहे की, मुळात साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि 10 टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकीचे मायलेज 6 ते 7 टक्के घटेल, दुचाकीचे 3 ते 4 टक्के, आणि 10 टक्क्यांसाठी बनवून 20 साठी जुळवलेल्या चारचाकीचे 1 ते 2 टक्के. ऑगस्ट 2025 मध्ये देशभर ओरड झाली तेव्हा पेट्रोलियम मंत्रालयाने खुलासा केला. मायलेजमधली घट किरकोळ आहे, आणि काही जुन्या वाहनांत 20 ते 30 हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग, गास्केट बदलावे लागतील, पण ते स्वस्त असतात.

स्वस्त! कोणासाठी? रबरी नळी स्वस्त असेल. पण ती बदलण्यासाठी टाकी उतरवायची मजुरी, त्या दिवसाचे बुडालेले भाडे, आणि नळीबरोबर पंपही गेला असेल तर काही हजारांचा भुर्दंड, हे सरकारच्या खुलाशात नाही. आमच्या एका सभासदाने गाडी वॉरंटीत असताना पंपाची तक्रार नेली. वर्कशॉपने तोंडी सांगितले, इंधन खराब आहे, आमची जबाबदारी नाही. तो पेट्रोलपंपावर गेला. तिथे उत्तर मिळाले, आम्ही कंपनीकडून येते ते विकतो. दोघांपैकी कोणीही लिहून दिले नाही. शेवटी पैसे त्यानेच भरले.

आता हिशेब मांडू, कारण हिशेबाला पक्ष नसतो. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते. म्हणजे 20 टक्के मिश्रणाच्या लिटरमागे जवळजवळ 7 टक्के ऊर्जा कमी मिळते. महिन्याला 40 लिटर पेट्रोल जाळणारे कुटुंब धरा आणि लिटरचा भाव 97 रुपये धरा. मायलेज 3 टक्के घटले तर तेवढ्याच अंतरासाठी महिन्याला 120 रुपये जास्त लागतात. 6 टक्के घटले तर सुमारे 248 रुपये, वर्षाला तीन हजारांच्या घरात. एका घराला ही रक्कम लहान वाटेल. पण ती आपण कोणत्या मालासाठी देतो? जे मिळाले नाही त्यासाठी! शंभर रुपयांच्या किलोत 70 ग्रॅम कमी भरणाऱ्या दुकानदाराचा तराजू वजन-माप खाते जप्त करते.

नीती आयोगाच्या त्याच आराखड्यात आणखी दोन गोष्टी होत्या, आणि त्या सोयीस्करपणे विसरल्या गेल्या. एक, ऊर्जेतली घट भरून निघावी म्हणून इथेनॉलमिश्रित पेट्रोलचा भाव साध्या पेट्रोलपेक्षा कमी असावा. दुसरी, जुन्या वाहनांसाठी 10 टक्क्यांचे पेट्रोल मिळत राहावे. पहिल्या गोष्टीवर मंत्रालयाचे उत्तर असे की, 2021 साली इथेनॉल स्वस्त होते, आता ते महाग झाले आहे. जुलै 2025 अखेर सरासरी खरेदी किंमत वाहतूक व जीएसटीसह लिटरला 71 रुपये 32 पैसे होती. असेल. पण मग स्वस्ताई येईल म्हणून जी आशा दाखवली होती तिचे काय झाले? दुसऱ्या गोष्टीवर उत्तरच नाही. तालुक्यात 10 टक्क्यांचा एकही नोझल आम्हाला सापडला नाही.

गाड्यांची गोष्ट तर आणखी संतापजनक आहे. 20 टक्के मिश्रण सोसणारे भाग असलेल्या गाड्या सक्तीने आल्या एप्रिल 2023 पासून, आणि त्यासाठी जुळवलेली इंजिने एप्रिल 2025 पासून. वाहनकर्जाच्या फायली हाताळणाऱ्या आमच्यासारख्यांना ठाऊक आहे की, आजकाल गाडीचे कर्ज सात वर्षांचे असते. 2022 साली दसऱ्याला हार घालून आणलेल्या गाडीचा शेवटचा हप्ता 2029 साली फिटणार. म्हणजे कर्ज निम्मेही फिटण्याआधी सरकारने त्या गाडीचे खाणे बदलले. ती घेताना विक्रेत्याने, बँकेने, सरकारने, कोणी सांगितले होते का? मोपा विमानतळ होणार म्हणून ज्या तरुणांनी कर्ज काढून गाड्या घेतल्या, त्यांच्या पोटावर हा पाय आहे.

परदेशात काय आहे? ब्राझीलचे उदाहरण मंत्री नेहमी देतात. तिथे 1975 पासून हा कार्यक्रम चालू आहे आणि ऑगस्ट 2025 पासून पेट्रोलात 30 टक्के इथेनॉल असते. पण तिथे कुठल्याही प्रमाणावर चालणाऱ्या गाड्या 2003 पासूनच बाजारात आहेत, आणि इथेनॉलचा वेगळा नोझल, वेगळा भाव समोर लिहिलेला असतो. लोक पंपावर उभे राहून मनात भागाकार करतात आणि परवडेल ते भरतात. ब्रिटनने सप्टेंबर 2021 मध्ये 10 टक्के सुरू केले, पण जुन्या गाड्यांसाठी 5 टक्क्यांचे पेट्रोल महागड्या प्रतीत ठेवले. युरोपात नोझलवर गोल चिठ्ठी असते, इ-5 की इ-10. अमेरिकेत 15 टक्क्यांचे पेट्रोल 2001 पूर्वीच्या गाडीत आणि कुठल्याही मोटारसायकलमध्ये भरायला मनाई आहे आणि तशी सूचना पंपावर लावणे सक्तीचे आहे. आमच्याकडे वीस टक्के, सर्वांना, सरसकट. आणि बोर्डावर फक्त घनता आणि भाव!

पेडण्याच्या माणसाला मद्यार्काचे गणित शिकवू नका. काजूच्या मोसमात भाटीवरून उतरलेला हुर्राक किती ग्रावाचा आणि फेणी किती ग्रावाची, हे आमच्याकडे अशिक्षित म्हातारासुद्धा विचारून घेतो. ग्राव कमी लागला तर भाव कमी. पाणी घातल्याचे कळले तर त्या भाटीवाल्याकडे पुढच्या वर्षी गिऱ्हाईक फिरकत नाही. फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते काही फुकट नाही मिळाले. दोन खाद्यतेलांचे मिश्रण विकायचे तर कोणते तेल किती टक्के ते पिशवीवर छापावे लागते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मालाची प्रत, प्रमाण, शुद्धता आणि भाव जाणून घेण्याचा हक्क आम्हाला दिला आहे. फेणीला जो न्याय, तेलाच्या पिशवीला जो न्याय, तो पेट्रोलला का नाही?

इथेनॉलशिवायचे पेट्रोल निवडण्याची मुभा मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 रोजी फेटाळली. न्यायालयाचा मान आम्ही ठेवतो. पण न्यायालयाने सरकारला पाटी लावायला बंदी केलेली नाही. त्याच महिन्यात केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी ही सारी ओरड पैसे देऊन चालवलेली मोहीम असल्याचे म्हटले. गडकरीसाहेब, पार्सेच्या नाक्यावर काळी गाळणी हातात घेऊन उभ्या असलेल्या मेकॅनिकला कोणत्या पेट्रोल लॉबीने पैसे दिले, ते एकदा येऊन सांगा. चहा आम्ही पाजू.

शेतकऱ्याच्या नावाने आम्हाला गप्प करू पाहणाऱ्यांना एक विचारायचे आहे. गोव्याचा ऊस उत्पादक कुठे आहे? धारबांदोड्याचा संजीवनी सहकारी साखर कारखाना भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळातले स्वप्न. त्याचे गाळप 2019 नंतर बंद पडले. तिथे इथेनॉल प्रकल्प उभारण्याच्या घोषणा आम्ही वर्षानुवर्षे ऐकतो आहोत. परकीय चलनाची बचत 2014-15 पासून 1 लाख 44 हजार कोटींवर गेल्याचे केंद्र सांगते. त्यातला गोव्याच्या ऊस उत्पादकाचा वाटा कोणी मोजून दाखवावा. इथेनॉल आमच्या टाकीत आले, कारखाना मात्र आला नाही.

राज्य सरकार म्हणेल, हा केंद्राचा विषय. ही सबब चालणार नाही. 2012 साली मनोहर पर्रीकरांनी व्हॅट जवळजवळ काढून टाकला आणि गोव्यात पेट्रोल लिटरमागे सुमारे 11 रुपयांनी उतरले. तेव्हा सावंतवाडी-बांद्याच्या गाड्या पत्रादेवी ओलांडून टाकी भरायला यायच्या, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. राज्याला हवे तेव्हा हात असतात. आजही राज्याचा व्हॅट पूर्ण लिटरवर लागतो, त्यातल्या 200 मिलिलिटर इथेनॉलवरसुद्धा. ऊर्जेच्या घटीइतका तरी व्हॅट राज्याने सोडावा. नागरी पुरवठा खात्याने प्रत्येक पंपावर इथेनॉलचे प्रमाण मराठी आणि कोकणीत मोठ्या अक्षरांत लावायला लावावे. पावसाळ्याचे चार महिने जमिनीखालच्या टाक्यांची पाण्यासाठी तपासणी करावी आणि तिचे निकाल पंपावर टांगावेत. तालुक्यात निदान एका पंपावर 10 टक्क्यांचा नोझल ठेवायला तेल कंपन्यांना भाग पाडावे. यातले काही चंद्रावर जाण्याइतके कठीण नाही. डबल इंजिनचे सरकार म्हणवून घेणाऱ्यांना एका पंपाचे कण्हणे ऐकू येऊ नये, हे नवल आहे.

तोपर्यंत सभासदांनी आपल्यापुरते सांभाळावे. टाकी पाव भागाखाली जाऊ देऊ नये. 2023 पूर्वीच्या गाडीची पेट्रोलची गाळणी आणि रबरी नळ्या एकदा तपासून घ्याव्यात. पावसाळाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नये आणि आठवड्यातून एकदा कोणाला तरी थोडी फिरवायला सांगावी. पंपावर फिल्टर पेपरची चाचणी आणि पाच लिटरचे माप मागण्याचा हक्क आपल्याला आहे, तो वापरावा. मात्र फिल्टर पेपरला इथेनॉल कळत नाही. त्यासाठी मोजपट्टीची काचेची नळी लागते. तिच्यात थोडे पाणी आणि पेट्रोल घालून हलवले की इथेनॉल पाण्यात उतरते आणि खालचा थर जितका फुगतो त्यावरून प्रमाण कळते. ही नळी प्रत्येक पंपावर ग्राहकासमोर ठेवावी, ही आमची मागणीही ठरावात घालायची आहे.

पार्से पंचायतीच्या येत्या ग्रामसभेत हा ठराव आम्ही मांडणार आहोत. शेजारच्या पंचायतींतील सभासदांनीही आपापल्या ग्रामसभेत तो मांडावा. ज्यांचा पंप, गाळणी किंवा नळी बदलावी लागली असेल त्यांनी गाडीचे वर्ष, किलोमीटर, दुरुस्तीची तारीख आणि बिलाची झेरॉक्स ग्रामसभेपूर्वी मंडळाकडे आणून द्यावी. बिल नसेल तर मेकॅनिककडून साध्या कागदावर लिहून आणले तरी चालेल.